पन्नास ग्रॅम बी, आठ महिने

ऑस्ट्रेलियात पर्थच्या विमानतळावर माझा कढीपत्ता गेला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

जानेवारी २०२३. भाच्याकडे महिनाभर राहायला निघाले होते. त्याने फोनवर दहादा बजावलं होतं, "मावशी, पिशवीत खायचं जे असेल, पानं-बिया जे असेल, ते सगळं विमानातल्या कार्डावर लिही. लपवलंस तर दंड. सांगितलंस तर फार तर काढून घेतील." मी लिहिलं. मेतकूट उघडून पाहिलं, परत दिलं. गोडा मसालाही सुटला. देवळ्याच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या झाडाचा कढीपत्ता मात्र तपासणी करणाऱ्या बाईंनी हातमोजे घालून उचलला आणि डब्यात टाकला. मी मनात म्हटलं, चार डहाळ्यांनी यांच्या अख्ख्या खंडाचं काय वाकडं होणार आहे?

भाच्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकाच जातीची झाडं होती. बेताच्या उंचीची, गोल माथ्याची, जाड गडद पानांची आणि वर लालभडक फुलोरा. पाकळ्या नाहीतच, नुसते केसर. आपल्या जांभळाचं फूल मोठं करून कुंकवात बुडवलं तर कसं दिसेल, तसं. भाचा म्हणाला, याला इथे रेड फ्लॉवरिंग गम म्हणतात, नीलगिरीच्या भावकीतलं आहे. शास्त्रीय नाव कोरिंबिया फायसिफोलिया. जंगलात ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा पट्ट्यातच उगवतं, बागांमधून मात्र जगभर गेलंय.

आमची मखमलाबाद रस्त्याला छोटी नर्सरी आहे. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ असली रस्त्याकडेची आणि अंगणातली झाडं करतो. तो फुलोरा पाहून माझे हात शिवशिवले नसते तरच नवल. फोटो नाशिकला पाठवला तर ह्यांचं उत्तर आलं, "नीलगिरी? पाणी पिणारं झाड म्हणून गिऱ्हाईक दारातून परत जाईल." मी म्हटलं, शेत लावायचं नाहीये, दहा-वीस रोपं करून बघू.

परतताना झाडाखाली पडलेली लाकडी फळं पर्समध्ये टाकायला निघाले होते. भाच्याने हात धरला. "तिकडेही चालत नाही, मावशी." मी ती ठेवून दिली, पण नाशिकला आल्यावर त्याच्या मागे लागले. टपालाने पाठव, एवढंसं पाकीट कोण उघडतंय? बिचाऱ्याने फेब्रुवारीअखेर पाठवलं. ही चूक शंभर टक्के माझी.

२० मार्चला मुंबईहून कस्टमचं पत्र आलं. पाकिटात बियाणं आढळलं आहे, आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, बोलीत नुसतं "फायटो") सादर करा, नाहीतर माल परत पाठवला किंवा नष्ट केला जाईल. दिलेल्या नंबरवर तीन दिवस फोन केला. चौथ्या दिवशी उचलला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, परवाना आधी, माल नंतर. आता काढलेला परवाना या पाकिटाला लागू होणार नाही." दुसरा प्रश्न विचारायच्या आत फोन ठेवला गेला. मी नष्ट करायला लेखी संमती दिली आणि दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड केली.

तिसऱ्या दिवशी देवळ्याला भावाला फोन केला, सहानुभूती मिळेल म्हणून. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, आपली बाग कशाने गेली ते विसरलीस का?"

कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातल्या लोकांना हे सांगायला नको. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा बागाच्या बागा उपटून बांधावर जाळल्या गेल्या. आमच्या दादांनीही जाळली. पानांवर तेलकट डाग, मग फळांवर, मग फळ तडकायचं. रोग जिवाणूचा, त्यामुळे बुरशीनाशकांचे फवारे मारून काही हाती लागलं नाही. पाऊस-वारा त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात तो बहुतेक वेळा रोपांबरोबर जातो. दादांनी स्वस्तात मिळाली म्हणून बाहेरून गुटी कलमं आणली होती. कुणी कागद मागितला नव्हता, कुणी दिला नव्हता. त्या बागेत मी लहानाची मोठी झाले. आणि आता पाकीट कोण उघडतंय म्हणून विचारत होते.

चिडचिड तिथे संपली. बी हवंच होतं, पण आता रीतसर.

गंगापूर रोडला वनस्पतिरोगशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, आमच्याकडून दरवर्षी तुळशी नेतात. त्यांच्याकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले. सरांनी फोटो पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या नर्सरीत जांभळाची किती रोपं आहेत?" मी म्हटलं, चारेकशे. "आणि पेरू?" ती त्याहून जास्त.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. जांभूळ, पेरू, लवंग, नीलगिरी आणि हे लाल फुलांचं झाड, सगळी एकाच कुळातली. या कुळावर एक तांबेरा पडतो, इंग्रजीत मर्टल रस्ट म्हणतात. पहिल्यांदा त्याची नोंद झाली ती ब्राझीलमध्ये, १८८४ साली, पेरूवर. शंभर वर्षांहून जास्त काळ तो दोन्ही अमेरिका खंडांच्या आसपास राहिला. मग २००५ मध्ये हवाईत गेला, २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सापडला, २०१७ मध्ये न्यूझीलंडमध्ये. कोवळ्या पालवीवर हळदीसारखी पिवळी भुकटी दिसते, आणि पालवी करपत राहिली की झाड हळूहळू मरतं. ऑस्ट्रेलियाच्या जंगलातल्या काही जाती त्याने अगदी संपायला आणल्या आहेत.

"पण मी तर बी आणतेय, पालवी नाही," मी म्हटलं.

"तो बीच्या आत बसत नाही, खरं आहे. पण बीबरोबर फळाचा कोंडा येतो, देठाचा तुकडा येतो, धूळ येते. बीजाणू, म्हणजे बुरशीची ती बारीक पूड, त्यावर बसून येतो. कपड्यावरून जातो, खोक्यावरून जातो." शिवाय याच झाडाच्या खोडावर पर्थकडे एका वेगळ्या बुरशीचा कँकर, म्हणजे सालीवरची चिघळती जखम, पडतो, तेही सांगितलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं मारी नावाचं मोठं झाड त्यानेच बेजार झालंय.

सर तेवढ्यावर थांबणारे नाहीत. सुबाभळीचं उदाहरण दिलं. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात जो तो सुबाभूळ लावत होता. १९८८ मध्ये तिच्यावरची मावा-तुडतुड्यांसारखी बारीकशी कीड, सायलिड, भारतात पोचली आणि शेंडेच्या शेंडे वाळले. नीलगिरीवर गाठी करणारी गांधीलमाशीची बारीक जात २००१ मध्ये कर्नाटकात दिसली, ती मूळची ऑस्ट्रेलियाची. तिच्या गाठी मी स्वतः पाहिल्या आहेत. पानाच्या शिरेवर फोड आल्यासारख्या दिसतात, रोप वाढतच नाही. ती आणायला कुणी परवाना काढला नव्हता.

बाहेर पडताना सर म्हणाले, "तुम्ही नाशिकची माणसं फायटो-फायटो करत द्राक्षं युरोपला पाठवता. लासलगावला विकिरण केलेला आंबा २००७ पासून अमेरिकेला जातो, का? तर कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जाऊ नये म्हणून. तेच आता उलट्या दिशेने करायचंय, एवढंच."

हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. द्राक्ष निर्यात करणाऱ्या माणसाच्या जागी ऑस्ट्रेलियातला विक्रेता ठेवा आणि युरोपच्या जागी मी. सगळी प्रक्रिया डोक्यात बसते.

आता कामाचं. आपल्याकडे कायदा १९१४ चा आहे आणि त्याखालचा सध्याचा आदेश २००३ चा: वनस्पती संगरोध, भारतातील आयातीचे नियमन. संगरोध म्हणजे क्वारंटाइन, करोनाने हा शब्द घराघरात आणला. आदेशाला परिशिष्टं आहेत आणि खरा जीव त्यांच्यात आहे. एकात पूर्ण बंदी असलेली झाडं आणि देश आहेत. उदाहरणार्थ, दक्षिण अमेरिकेतलं रबर, कारण तिथल्या पानांच्या करप्याने तिकडची रबराची लागवड मोडीत काढली. एकात फक्त ठरावीक संस्थांनीच आणायची झाडं आहेत. एकात अटींवर लागवडीसाठी आणता येतील अशी, आणि एकात फक्त खाण्यासाठी किंवा कारखान्यासाठी. आपलं झाड कुठल्याच परिशिष्टात नसेल तर आधी जोखीम विश्लेषण होतं, आणि ते आपल्यासारख्याने वाट बघण्यासारखं प्रकरण नाही.

यादी वाचताना मी पहिल्या दिवशी वेडी झाले. नंतर कळलं की चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: कुठलं झाड, त्याचा कुठला भाग, कुठल्या देशातून, कशासाठी. एकाच झाडाचं फळ खायला चालतं आणि बी पेरायला चालत नाही, असं होऊ शकतं. कॉलेज रोडच्या फळवाल्याकडे परदेशी फळ मिळतं म्हणजे त्याची कोय परदेशातून मागवता येईल, असा अर्थ होत नाही. ही गल्लत माझ्या ओळखीत तिघांनी केली आहे.

माझी अडचण वेगळीच निघाली. मी नीलगिरीच्या नावाखाली शोधत होते, कारण आमच्याकडची जुनी पुस्तकं या झाडाला युकॅलिप्टस फायसिफोलिया म्हणतात. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्या मोठ्या कुटुंबातून शंभरावर जाती वेगळ्या काढल्या आणि कोरिंबिया हे नवं घर करून दिलं. त्यामुळे विक्रेत्याच्या पाकिटावर एक नाव आणि जुन्या कागदांत दुसरं. सरांनी सांगितलं होतं, अर्जात दोन्ही लिहा, आजचं आणि आधीचं. मी ऐकलं नाही, फक्त आजचं लिहिलं. त्याची किंमत पुढे येते.

२४ एप्रिल ते ८ मे एवढा काळ नोंदणीत गेला. नर्सरीसाठी, म्हणजे धंद्यासाठी मागवायचं म्हटल्यावर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी क्रमांक हवा. तो ऑनलाइन मिळतो, फी पाचशे रुपये. मला तीन दिवसांत मिळाला. एक गोष्ट लक्षात ठेवा, दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्या पोर्टलवर जाऊन आपली माहिती ताजी करावी लागते, काही बदललं नसलं तरी. नाही केली तर क्रमांक निष्क्रिय होतो. माझ्या आधी आयईसी काढलेल्या एका द्राक्षवाल्या शेजाऱ्याचा ऐन हंगामात झाला होता.

संगरोधाच्या पोर्टलवर खातं उघडणं मात्र चिकाटीचं काम. पॅनवर माझं माहेरचं मधलं नाव, आधारवर सासरचं. फाइल ठरलेल्या आकाराहून मोठी असली की पान निमूटपणे पहिल्यापासून सुरू व्हायचं, का ते सांगायचं नाही. शेवटी पुतण्याने सगळे कागद काळे-पांढरे स्कॅन करून लहान केले. तेव्हापासून मी एका फोल्डरमध्ये प्रत्येक कागदाच्या दोन आवृत्त्या ठेवते, मोठी आणि चिमुकली.

अर्जात विचारतात ते असं: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, भाग, वजन, किती खोकी, कुठल्या देशात वाढलेलं, कुठून पाठवणार, निर्यातदाराचा पत्ता, कुठल्या ठिकाणी उतरणार, कशासाठी. पेरणीचं बी देशात कुठूनही आत आणता येत नाही, ठरावीक ठिकाणांहूनच येतं. नाशिककराला त्यातलं सोयीचं मुंबई. मी ५० ग्रॅम लिहिलं. कस्टममधून माल सोडवून देणारा एजंट हसला होता, "पन्नास ग्रॅमसाठी एवढं?" पण नियमाला ग्रॅम आणि टन सारखेच.

निर्यातदार कोण, हाही प्रश्न होता. भाच्याने रस्त्यावर वेचलेली फळं आता चालणार नव्हती. तिथेही रानातल्या झाडांचं बी गोळा करून विकायला परवाना लागतो. त्याने शोधून एक बियाणं विक्रेता गाठला, जो बी कुठल्या ठिकाणचं, कधी गोळा केलेलं, हे लिहून देत होता आणि निर्यातीची तपासणी करून घ्यायला तयार होता. विक्रेता निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: फायटो करून देता का? निम्मे तिथेच गळतात.

अर्ज ८ मेला गेला. १९ मेला पोर्टलवर शेरा आला: नाव यादीशी जुळत नाही, स्पष्टीकरण द्या. मी डोक्याला हात लावला आणि सरांकडे गेले. ते काही बोलले नाहीत, चहा केला. नावबदलाचा एक परिच्छेद लिहून दिला, जुनं नाव, नवं नाव, कधी बदललं, कुणी बदललं. तो जोडून पाठवला. मग शांतता. दर सोमवारी सकाळी पोर्टल उघडायचं, "प्रक्रियेत" हा शब्द वाचायचा आणि रोपांना पाणी घालायला जायचं, असा माझा नेम झाला. ते दिवस मला सगळ्यांत जड गेले. चूक झाली असेल तर कुणी सांगावं, नसेल तर द्यावा, पण हे अधांतरी राहणं अंगावर येतं. ह्यांनी एकदा विचारलं, "बी येतंय की बाळ?"

१४ जूनला परवाना आला. पहिलं पान साधं. दुसरं पान नीट वाचा, तिथे सगळं आहे. कुठल्या किडी-रोगांपासून माल मुक्त असल्याचं निर्यातदार देशाने जाहीर करायचं, ती नावं. माती नको, पालापाचोळा नको, तणाचं बी नको. गवत किंवा पेंढा भरून खोकं पाठवायचं नाही. काही झाडांना इथे आल्यावर विलगीकरणात वाढवण्याची अट असते. तशी असेल तर कीटकरोधक जाळीघर आधी तपासून, मंजूर करून घ्यावं लागतं आणि त्याचा दाखला परवान्याच्या अर्जालाच जोडावा लागतो. माझ्या परवान्यात ती अट नव्हती. असती तर मी इथेच थांबले असते, खोटं कशाला बोलू.

परवान्याची प्रत त्याच दिवशी पर्थला पाठवली आणि विक्रेत्याला कळवलं की फायटोवरचा मजकूर या पानावरून अक्षरशः उतरवून घ्या, स्वतःच्या शब्दांत नको. सर म्हणाले होते, कागद कागदाशी बोलतो, अर्थाशी नाही. तरीही जुलैमध्ये जो मसुदा आला त्यात वनस्पतीचं नाव फक्त नवं होतं आणि परवान्यात दोन्ही. प्रमाणपत्र एकदा सही-शिक्क्यानिशी निघालं की दुरुस्ती म्हणजे नवं प्रमाणपत्र, नवी फी. म्हणून मसुदा आधी मागवा, आणि परवान्याशेजारी ठेवून बोट फिरवत वाचा: नाव, वजन, खोक्यांची संख्या, पत्ता, जाहीरनाम्याची ओळ, प्रक्रिया केली असल्यास औषध आणि मात्रा. मी दोनदा वाचला. भाच्याने एकदा. तरी पिनकोडातला एक आकडा ह्यांना दिसला, तोही वर्तमानपत्र वाचता वाचता.

बी साफ करायलाही वेळ लागला. नीलगिरीच्या भावकीत फळ उकललं की बीबरोबर पोकळ न भरलेल्या बियांचा कोंडा पडतो. एरवी तो तसाच विकतात, पेरताना काही बिघडत नाही. इथे मात्र सर म्हणाले होते तो हाच कोंडा. विक्रेत्याने चाळून, वारवून पाठवायचं कबूल केलं आणि त्याचे पैसे वेगळे लावले.

३ ऑगस्टला खोकं निघालं, ९ ला मुंबईत उतरलं. ११ ला मी पंचवटी एक्स्प्रेस पकडली. एजंट नेमला होता, मी गेलेच पाहिजे असं नव्हतं. पण आपलं बी कुठे अडलंय ते डोळ्यांनी पाहावं असं वाटलं. कसाऱ्याच्या घाटात धबधबे कोसळत होते आणि मी मांडीवर फाइल घेऊन बसले होते, परीक्षेला निघाल्यासारखी. सीएसएमटीहून हार्बर लाइनने शिवडी, संगरोधाच्या कार्यालयात. मूळ कागद हवे होते, छायाप्रती चालल्या नाहीत. ते माझ्याजवळ होते म्हणून एजंटचा एक फेरा वाचला. मूळ फायटो खोक्यात घालून पाठवू देऊ नका. वेगळ्या कुरिअरने मागवा, नाहीतर खोकं उघडायला जो कागद लागतो तोच खोक्यात बंद.

तिथल्या तरुण निरीक्षकबाईंनी पाकीट उघडून पांढऱ्या ट्रेमध्ये बी पसरलं. भिंगाखाली चिमट्याने एकेक बाजूला करत होत्या. नमुना काढला, बाकी पुन्हा मोहोरबंद. मी विचारलं, आता पुढे? त्यांनी समजावून सांगितलं. कोरडी पाहणी झाली, आता बी धुतलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली जाईल, कारण वरवर चिकटलेले बीजाणू त्यात उतरतात. आणि काही बिया ओल्या टिपकागदावर बंद बशीत ठेवतील. दिवसाचे बारा तास उजेड, बारा तास अंधार, असे सात दिवस. बीच्या आत बुरशी असेल तर ती तेवढ्यात बाहेर येते आणि बीवर कापसासारखी दिसते. त्या कुणावर उपकार करत असल्यासारख्या बोलत नव्हत्या, काम सांगत होत्या. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

सात दिवस म्हणजे सात दिवस नसतात, मध्ये १५ ऑगस्ट आला, शनिवार-रविवार आला. या काळात पोटात गोळा असायचा. एका बीवर कापूस उगवला तर? २४ ऑगस्टला मोकळीक मिळाली. एजंटने फोनवर "मॅडम, सुटलं" एवढंच सांगितलं आणि मी नर्सरीत कामाच्या बायकांना पेढे वाटले. त्यांना वाटलं नातवंड झालं.

खर्च विचाराल तर सगळा मिळून पस्तीस हजारांच्या आसपास. सरकारी फी त्यात सगळ्यांत हलकी. बी सहा हजारांचं, तिकडची तपासणी आणि प्रमाणपत्र बीच्या दुपटीहून जास्त, मग कुरिअर, एजंट, माझे दोन फेरे. दहा-वीस रोपांसाठी हा हिशोब जमत नाही, हे उघड आहे. चार नर्सरीवाले मिळून एकाच परवान्यात मागवलं असतं तर जमला असता. एजंट शिफारशीने निवडा, पण त्याआधी विचारा की त्याने याआधी बियाणं सोडवलंय का. यंत्रांचे सुटे भाग सोडवणारा एजंट इथे आपल्याइतकाच नवखा असतो. माझ्या पहिल्या एजंटने "फायटो नंतर बघू" म्हटल्यावर मी त्याला रामराम केला.

पेरणी पावसाळा सरल्यावर, ६ ऑक्टोबरला केली. प्रो ट्रे, कोकोपीट आणि बारीक वाळू, पाणी फवाऱ्याने. बीला भिजवणं, खरवडणं काही लागत नाही. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पहिले कोंब दिसले, तांबूस, दोन पानांचे. नोव्हेंबरात काही रोपं मुळाशी काळी पडून कोलमडली, ती आपल्याकडचीच मर, पाणी जास्त झालं होतं. राहिली एकेचाळीस.

सरांच्या आग्रहाने मी त्यांना नर्सरीच्या पार दुसऱ्या टोकाला, शेडनेटच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलं. परवान्यात अट नसली तरी. दाराशी चुन्याचा ट्रे, आत जायची चप्पल वेगळी, कात्री वेगळी. आत काम करायचं ते दिवसाच्या शेवटी, म्हणजे तिथून जांभळांकडे परत जाणं नाही. कामाच्या बायकांनी त्या कप्प्याचं नाव "सोवळं" ठेवलं.

या झाडाला दमट पावसाळा मानवत नाही, हे मला आधीच सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या पावसाळी पूर्वेला ते म्हणूनच दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम करून लावतात. जुलै २०२४ मध्ये सलग दहा दिवस झड लागली आणि दोन रोपांच्या पानांवर ठिपके आले. तपकिरी, कडेला जांभळट. पिवळी भुकटी नव्हती. तरी रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर दादांची बाग. सकाळी पानं कागदी पिशवीत घातली, प्लॅस्टिकच्या नाही, प्लॅस्टिकमध्ये ती सडतात आणि मग काहीच कळत नाही. पिशवीवर तारीख आणि ट्रेचा नंबर लिहून सरांकडे नेली. त्यांनी ती विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पोचवली. अकरा दिवसांनी निरोप आला की पानांवरची ही बुरशी आपल्याकडे नेहमीच सापडणारी आहे, काळजीचं कारण नाही.

ती दोन रोपं मी तरीही जाळली. राहिलेली एकोणचाळीस अजून सोवळ्यातच आहेत, जांभळांच्या ओळीपासून लांब. फुलं यायला आणखी काही वर्षं आहेत. भाच्याने परवा विचारलं, पुढच्या वेळी येताना काय आणशील? मी म्हटलं, मेतकूट.